काशीतील नवागत : वहीपासून भ्रमणध्वनीपर्यंत

परमुलखात आलेल्या स्वजनाला आपल्यात सामावून घ्यावयाचे, तर त्याच्याशी कोणत्या साधनाने बोलावे, हा प्रश्न काशीतील मराठी वस्तीइतकाच जुना आहे. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट पैठणहून येथे आले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट काशीच्या पंडितवर्गात अग्रगण्य ठरले, आणि याच कुळातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य केले. पुढे ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी घरे वाढली.

त्या काळी यात्रेकरूची पहिली गाठ तीर्थोपाध्यायाच्या वहीशी पडे. उपाध्याय आधी गाव व कुळ विचारी, ते पान काढी, पूर्वजांची नावे वाचून दाखवी आणि आलेल्याकडून त्याच पानावर नवी नोंद करवून घेई. काही सांगण्यापूर्वी विचारावे, हे या वहीचे मर्म होय.

१८५४ साली अर्ध्या आण्याचे टपाल आले आणि १८७९ साली पाव आण्याचे कार्ड. कार्ड स्वस्त खरे, परंतु उघडे. म्हणून समारंभाचे आमंत्रण कार्डावर आणि घरची अडचण बंद पाकिटात, हा विवेक लोकांनी आपणहून केला. तार शब्दागणिक पैसे घेई, त्यामुळे ती निकडीच्या वार्तेपुरतीच राहिली. जुलै २०१३ मध्ये तीही बंद झाली.

आज विश्वविद्यालयात शिकावयास किंवा रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात नोकरीस आलेल्या मराठी तरुणाचा क्रमांक व्हॉट्सअॅपच्या समूहात घातला, की स्वागत झाले असे आपण समजतो. गणेशोत्सवाची तिथी शेकडो जणांस कळविण्यास हे साधन उत्तम. तथापि खोली मिळत नाही, खानावळीचे अन्न सोसत नाही, हे नवखा मनुष्य शेकडो अनोळखी लोकांसमोर कसे बोलणार? तो यादीत येतो, मंडळात येत नाही. आणि दोन-तीन वर्षांनी बदली होऊन निघून गेला, तरी कोणास चुटपूट लागत नाही.

आमचे मत असे की, सूचना समूहात द्यावी, विचारपूस दूरध्वनीवर करावी आणि पहिले आमंत्रण मात्र घरी जाऊन द्यावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक सभासद-कुटुंबाने एका नवागताचे गाव व कुळ आपुलकीने विचारावे, एवढीच प्रार्थना. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांची वही तेथूनच सुरू होईल.