राज्यशास्त्राचे पदवी शिक्षण, नाशिक

नाशिकमध्ये बी.ए.ला राज्यशास्त्र शिकण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आणि 1989 मध्ये येथेच स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. शिकवणी क्रमिक पुस्तकापुरती राहिली तर या विषयाचे निम्मे बळ वाया जाते, कारण त्याचे साहित्य नाशिक जिल्ह्यात जागोजागी आहे. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात कायदा, रूढी आणि नागरिकत्व यांची टक्कर दिसते. त्यातले आघाडीचे कार्यकर्ते दादासाहेब गायकवाड 1957 मध्ये नाशिक मतदारसंघातूनच लोकसभेवर गेले. 1963 च्या पोटनिवडणुकीत याच मतदारसंघातून तेव्हा केंद्रीय मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. चळवळीतून संसदेत आणि मंत्रिमंडळातून संसदेत, असे प्रतिनिधित्वाचे दोन मार्ग एकाच मतदारसंघात सापडतात. सुरगाणा, पेठ हे तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा तेथील ग्रामसभेत प्रत्यक्ष पाहता येतो.

अशा स्थानिक अभ्यासावर आक्षेप असा, की अनेक विद्यार्थी स्पर्धा परीक्षेसाठीच हा विषय घेतात आणि परीक्षेत संविधानाची कलमे विचारतात, गावचा ठराव नव्हे. हे खरे आहे; पण ग्रामसभेचा ठराव, त्यावरच्या सह्या आणि पुढची अंमलबजावणी तपासलेल्याला पंचायत राजविषयक 73 वी घटनादुरुस्ती पाठ करावी लागत नाही. स्थानिकाच्या नादात सिद्धांत मागे पडेल, ही भीती अधिक वजनदार. म्हणून प्लेटो-रूसो वगळू नयेत. सामाजिक कराराची चर्चा काळाराम मंदिराच्या दारापर्यंत मात्र न्यावी. मुक्त विद्यापीठाच्या नोकरदार विद्यार्थ्याला तर हे क्षेत्रकार्य स्वतःच्या गावातच करता येते.