वॉश बेसिन बसवणे

वॉश बेसिन हे हात-तोंड धुण्यासाठी न्हाणीघरात किंवा जेवणघराच्या कडेला बसवले जाणारे, तळाशी निचऱ्याचे भोक असलेले भांडे होय. घरगुती बेसिन बहुधा चिनी मातीचे असते. अशा भांड्यांसाठी भारतात आयएस २५५६ हे मानक आहे. बेसिन बसवणे किंवा बदलणे हे काम सहसा प्लंबरकडे सोपवले जाते, तरी त्याचा बराचसा भाग घरच्या घरी करता येतो. या कामात भांड्याच्या रंगरूपापेक्षा त्याखालचा ट्रॅप महत्त्वाचा आहे, कारण घरातील हवा आणि सांडपाण्याची वाहिनी यांच्यामध्ये तेवढाच अडसर असतो.

जुने बेसिन काढणे

प्रथम बेसिनखालचा अँगल कॉक बंद करतात. तो गंजून अडकला असेल तर जोर न लावता न्हाणीघराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे श्रेयस्कर. जुन्या जीआय पाइपात असा कॉक भिंतीतील जोडापाशी तुटू शकतो. त्यानंतर बादली खाली ठेवून जोडनळी व ट्रॅप सोडवतात, भिंतीलगतचे पांढरे सिमेंट किंवा सिलिकॉन कापतात आणि एकाने भांडे धरले असता दुसरा नट सोडतो.

नवे बेसिन बसवणे

बेसिनची कड जमिनीपासून सुमारे ८०० ते ८५० मिमी उंचीवर ठेवण्याचा प्रघात आहे. भिंतीवरच्या बेसिनचा सर्व भार रॅक बोल्टवर येतो. जुनी भोके नव्या भांड्याशी क्वचितच जुळतात, म्हणून ती नव्याने पाडावी लागतात. नळ आणि ३२ मिमी व्यासाचे वेस्ट कपलिंग भांडे भिंतीवर चढवण्याआधीच बसवतात. नंतर पाना फिरवण्यास जागा उरत नाही. बेसिनला कडेजवळ जादा पाणी वाहून जाण्याचे भोक असेल, तर कपलिंगच्या अंगालाही भोक असणे आवश्यक असते, अन्यथा ते पाणी निचऱ्यात उतरत नाही. नटाखाली वॉशर न घालता आवळल्यास चिनी माती तडकते. शेवटी बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडतात आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून गळती तपासतात.

ट्रॅप

ट्रॅप म्हणजे थोडे पाणी कायम अडवून धरणारा नळीचा भाग. हे पाणी, म्हणजे वॉटर सील, वाहिनीतील दुर्गंधीयुक्त वायू व झुरळे घरात येऊ देत नाही. लंडनमधील घड्याळकार अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये पेटंट घेतलेल्या शौचकूपात एस-आकाराचा असा बाक होता. बेसिनखाली आज बहुधा बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप असतो. त्याचा खालचा पेला हाताने उघडून गाळ काढता येतो. पडलेली अंगठीही बहुधा तेथेच सापडते.

महाराष्ट्रातील अनेक घरांत बेसिनची लवचीक नळी जमिनीवरील जाळीत सोडलेली असते. जाळीखालच्या ट्रॅपला भारतभर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. हे नाव मराठीतील न्हाणीवरून आलेले आहे. या रचनेत बेसिनखाली ट्रॅप नसला तरी नहाणी ट्रॅप अडसराचे काम करतो आणि हात धुताना त्यातील पाणीही भरत राहते. मात्र नूतनीकरणात ती लोंबती नळी नजरेआड करण्यासाठी बेसिन ट्रॅपविनाच भिंतीतील उभ्या वाहिनीला जोडले, तर वाहिनी थेट घरात उघडी पडते. ही चूक टाइल लागल्यावर दिसत नाही. केवळ वासावरून लक्षात येते.

कोरड्या ट्रॅपचा धोका वासापुरता मर्यादित नसतो. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवाशांना सार्स झाला व ४२ जण दगावले. तेथील अनेक न्हाणीघरांत जमीन धुण्याऐवजी पुसली जाई, त्यामुळे जमिनीवरील ट्रॅप सुकले होते. एक्झॉस्ट पंख्याच्या ओढीने वाहिनीतील दूषित तुषार या ट्रॅपमधून घरांत आले असावेत, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. पुढे हाँगकाँगमधील सार्वजनिक घरबांधणीत बेसिनच्या पाण्याने जमिनीचा ट्रॅप आपोआप भरेल अशी जोडणी स्वीकारण्यात आली.

घर काही आठवडे बंद राहिल्यास ट्रॅपमधील पाणी बाष्पीभवनाने आटते. अशा वेळी परतल्यावर प्रत्येक जाळीत व बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतले की वॉटर सील पुन्हा तयार होते.