एका गुरुवारी पुणे केंद्रावर

१९ एप्रिल १९५६. गुरुवार होता आणि रामनवमी होती. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्या दिवशी 'गीतरामायणा'तलं छप्पन्नावं, म्हणजे शेवटचं गीत प्रसारित झालं. आदल्या वर्षीच्या रामनवमीला सुरू झालेला उपक्रम वर्षभराने पूर्ण झाला. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी धरलेला आग्रह ही सगळी गोष्ट मराठी घरांना तोंडपाठ आहे.

त्याच गुरुवारी त्याच केंद्रावरची आणखी एक मालिका संपली. तिची आठवण आज पुण्यातही फारसं कुणी काढत नाही. त्या मालिकेचा जीव गाण्यात नव्हता, बोलण्यात होता. आणि त्याहीपेक्षा, रेडिओ बंद केल्यानंतर जे बोलणं सुरू व्हायचं, त्यात होता.

रेडिओ म्हणजे गाणी, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं आहे की दिवसभर नुसती बोलणारी वाहिनी म्हटली की आपल्याला लंडन आठवतं. बीबीसीची 'रेडिओ फोर' १९६७पासून हेच करते. सकाळी बातम्या आणि मुलाखती, मग बायकांचा तास, पुस्तकवाचन, नाटक, जहाजांसाठी हवामानाचा अंदाज, आणि संध्याकाळी 'द आर्चर्स' ही खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची मालिका. ही मालिका तर १९५१पासून देशभर ऐकली जाते. सुरुवातीला तिच्यामागे शेतकी खात्याचा सल्लाही असे. महायुद्धानंतरच्या टंचाईत शेतकऱ्यांनी पीक वाढवावं, तर उपदेशापेक्षा गोष्टीतून सांगितलेलं बरं, हा त्यामागचा हिशोब.

पण रेडिओवरच्या बोलण्याची एक जुनी अडचण बीबीसीला त्याच्याही आधी कळली होती. सांगणारा एक आणि ऐकणारे लाखो. ऐकणाऱ्याला उलट काही म्हणायचं असेल तर त्याने काय करायचं? १९२८पर्यंत तर वादग्रस्त विषयांवर बोलायलाच बीबीसीला मनाई होती. ती उठली त्याच सुमारास तिथे श्रोत्यांचे गट बांधायचा प्रयोग सुरू झाला. शेजारीपाजारी एकत्र बसून भाषण ऐकायचं आणि नंतर त्यावर चर्चा करायची. पुढे कॅनडाने १९४१मध्ये हीच कल्पना शेतकऱ्यांपर्यंत नेली. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असा तिथल्या मंडळांचा मंत्र होता. युनेस्कोला तो पटला आणि प्रयोगासाठी जागा ठरली पुणे.

पुणे केंद्र तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचं होतं. २ ऑक्टोबर १९५३ला ते सुरू झालं होतं. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली गेली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं एक मंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. १७ फेब्रुवारीपासून १९ एप्रिलपर्यंत, आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, साक्षरतेचे. गावच्या सार्वजनिक रेडिओभोवती मंडळ जमायचं, कार्यक्रम ऐकायचं, रेडिओ बंद करायचं आणि मग बोलायला लागायचं. काय बोलणं झालं ते चिटणीस लिहून पुण्याला पाठवायचा, आणि गावांनी विचारलेल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरं मिळायची.

आज हे साधं वाटेल. तेव्हाच्या गावात मात्र सरकारी माणूस येऊन सांगून जायचा आणि गाव मान डोलवायचं. इथे पहिल्यांदाच सांगणाऱ्याला गावाकडून 'पण' ऐकून घ्यावा लागत होता. बियाणं चांगलं आहे, पण पैसे कुठून आणायचे? विहीर खणा म्हणता, पण पाणी लागलं नाही तर? खेड्यातल्या कुठल्याही चर्चेचा पहिला शब्द हाच असतो, आणि रेडिओला तो एरवी ऐकूच येत नाही.

प्रयोगाचं मोजमाप मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसकडे होतं आणि ते काम ज्यांनी पाहिलं ते पॉल नॉयराथ हे मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ. त्यांचे वडील ऑटो नॉयराथ आकडेवारी चित्रांतून सांगण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहेत. पॉल स्वतः नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत बंदी होते. सुटका झाल्यावर ते अमेरिकेत गेले. नाझींनी १९३३मध्ये 'जनतेचा रेडिओ' म्हणून स्वस्त संच घरोघर पोचवायला सुरुवात केली होती. जनतेने तो फक्त ऐकायचा होता. त्या राजवटीतून वाचलेला माणूस वीस-बावीस वर्षांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत रेडिओनंतरच्या चर्चेचं मोल मोजत होता, हा योगायोग मला पुन्हा पुन्हा आठवतो.

मोजण्याची रीत चोख होती. मंडळं असलेली काही गावं घेतली. त्यांच्या जोडीला, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी काही गावं घेतली आणि रेडिओच नाही अशीही काही. सगळीकडे आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती थोडीशीच वाढली. म्हणजे तोच आवाज, तोच मजकूर, तोच अर्धा तास. फरक पडला तो नंतरच्या चर्चेने. काही गावांनी विहिरी खणल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, बालवाड्या काढल्या. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर, जे हिंदीतले नामांकित नाटककारही होते, आणि नॉयराथ या दोघांचा अहवाल युनेस्कोने १९५९मध्ये छापला. त्याच वर्षी ही योजना देशभर न्यायचं ठरलं. पुढे घानानेही असाच प्रयोग केला.

मग ती विसरली का गेली? देशभर मंडळं हजारोंनी निघाली, पण त्यांतली बरीचशी कागदावरच राहिली. दीडशे गावांच्या पत्रांना उत्तर देता येतं. हजारो गावांना द्यायचं तर तेवढी माणसं लागतात आणि तेवढी इच्छाही लागते. रेडिओ पोचवणं सोपं होतं. परत आलेला प्रश्न वाचणं अवघड होतं. शिवाय पुढे ट्रान्झिस्टर आला. चावडीवरचा रेडिओ खिशात आणि गोठ्यात गेला, ऐकणं ज्याचं त्याचं झालं. गाणं एकट्याने ऐकता येतं. चर्चेला दुसरा माणूस लागतो.

या गोष्टीत आणखी एक माडगूळकर आहेत. 'गीतरामायण' लिहिणाऱ्या गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर १९५५पासून पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात होते आणि पुढे कितीतरी वर्षं तिथेच राहिले. थोरल्या भावाच्या गाण्यांसाठी लोक रेडिओसमोर हात जोडून बसत; धाकट्याचा विभाग खेड्यातल्या माणसाशी त्याच्याच बोलीत बोलू पाहत होता. दोघंही माणदेशातले. त्याच माणदेशातल्या म्हसवडला २००८पासून 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं. ते चालवणारी संस्था ग्रामीण बायकांसाठी काम करते, आणि १९५६मध्ये ज्या जिल्ह्यांत मंडळं बसत होती त्यांतल्याच एका जिल्ह्यात, तेव्हाच्या उत्तर साताऱ्यात, म्हसवड येतं.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये सांगितलं. तरीही अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या तयार करून द्यायला आजही परवानगी नाही. विहीर, बियाणं, बाळाचं लसीकरण यांवर गावाने बोलावं, पण गावात काल काय घडलं याची बातमी मात्र आकाशवाणीकडूनच घ्यावी, असा हा नियम. सत्तर वर्षांपूर्वी दीडशे गावांनी दाखवून दिलं होतं की माणसं ऐकल्याने कमी आणि बोलल्याने जास्त शिकतात. तो निष्कर्ष आपण अहवालात छापला आणि कपाटात ठेवून दिला.

रामनवमीला पुण्यात अजूनही 'गीतरामायण' लागतं, लागावंच. पण त्याच संध्याकाळी कुठल्याशा गावातल्या चिटणिसाने कंदिलाच्या उजेडात पुणे केंद्राला शेवटचा अहवाल लिहिला असेल. त्यात एखादा प्रश्नही असेल. मालिका त्या दिवशी संपली असल्याने त्याचं उत्तर पुढच्या कार्यक्रमात द्यायची सोय उरली नव्हती.