कातडीखालचं सलाईन

सलाईन म्हटलं की लोकांना हाताची शीर आठवते. मी इस्पितळात लागले तेव्हा आमच्या जुन्या सिस्टर सांगायच्या, बाळाची शीर सापडली नाही की मांडीत, कातडीखाली सोडायचं. काचेची बाटली, रबरी नळी, उकळून घेतलेली सुई. मांडी टम्म फुगायची आणि काही तासांत उतरायची. माझ्या नोकरीत तो प्रकार जवळजवळ संपलाच होता. निवृत्तीनंतर तो पुन्हा भेटला आमच्या चिंगीमुळे. म्हाताऱ्या मांजरांची किडनी जाते तशी तिचीही गेली, आणि डॉक्टरांनी घरीच कातडीखाली आर.एल. नावाचं सलाईन द्यायला सांगितलं.

मुळात हा सगळा खटाटोप पटकीने करायला लावला. १८१७ मध्ये बंगालातून निघालेली साथ १८३१ साली इंग्लंडात पोचली. विल्यम ओशॉनेसी या विशीतल्या डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासून सांगितलं की यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत. (हाच गृहस्थ पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानात तारायंत्र उभं केलं. एकेकाची हौस!) ते वाचून १८३२ मध्ये एडिंबराजवळच्या लीथ बंदरात थॉमस लॅटाने एका म्हातारीच्या शिरेत मीठपाणी सोडलं. गेल्यात जमा असलेली बाई हुशारली. लॅटा निघून गेल्यावर जुलाब पुन्हा सुरू झाले, कुणी परत सलाईन लावलं नाही, आणि ती गेली. सुया-नळ्या उकळायची पद्धत तेव्हा कुठली! शिरेची वाट बरीच वर्षं ओस पडली.

दरम्यान १८४४ मध्ये डब्लिनच्या फ्रान्सिस रिंडने पोकळ नळीतून कातडीखाली औषध सोडून दाखवलं होतं. नेपल्सच्या आर्नाल्दो कान्तानीने तीच वाट मीठपाण्याला दिली आणि १८८४ च्या तिथल्या मोठ्या साथीत पटकीच्या रोग्यांवर ती वापरली. शीर शोधायला नको, पाणी आपलं हळूहळू रक्तात ओढलं जातं.

बाटलीतलं पाणीही असंच टप्प्याटप्प्याने आलं. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मीठपाण्यात चालतं ठेवत होता. मदतनिसाने शुद्ध पाण्याऐवजी नळाचं वापरलं आणि हृदय जास्त वेळ चाललं, कारण त्यात कॅल्शियम होतं. हे १८८३ साली छापून आलं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईसचे बालरोगतज्ज्ञ अॅलेक्सिस हार्टमन यांनी आजारी मुलांसाठी रिंगरच्या पाण्यात लॅक्टेट घातलं. रिंगर लॅक्टेट, म्हणजे आपलं आर.एल.

१९५० च्या सुमारास शिरेत टिकणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या आणि माणसांच्या इस्पितळातून कातडीखालची पद्धत हद्दपार झाली. आता मरणासन्न वृद्धांच्या सेवेत ती थोडी परतली आहे. मांजराच्या बाबतीत मात्र ती पक्की टिकली, कारण त्याच्या खांद्यांमधली कातडी इतकी सैल असते की तिथे भरपूर पाणी मावतं.

आमच्याकडे बाटली खिडकीच्या गजाला टांगतो. आधी ती कोमट पाण्यात ठेवते. गार पाणी आत गेलं की चिंगी अंग चोरते. हे तिला पंच्यात गुंडाळून धरतात, मी चिमटीने कातडी उचलते आणि त्या पोकळीत सुई सरकवते. शंभर मिली जाईपर्यंत खांद्यावर उंटासारखी मदार येते. संध्याकाळपर्यंत ती ओघळत पुढच्या पायाकडे येते आणि जिरते. लॅटाच्या म्हातारीपेक्षा आमची म्हातारी नशीबवान. तिला पुन्हा सलाईन मिळतं.

ही पद्धत बदनाम झाली त्याचं एक कारण आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या काळी कातडीखाली क्षार नसलेलं ग्लुकोजचं पाणी सोडत. ते रक्तातलंच मीठ आणि पाणी आपल्याकडे ओढतं, आणि रोगी शॉकमध्ये जातो. तेव्हा केमिस्टने आर.एल. संपलं म्हणून डेक्स्ट्रोजची बाटली पुढे केली, तर घेऊ नका. किती मिली, किती दिवसांनी, हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या. हृदय अधू असलेल्या मांजराला जास्तीचं पाणी झेपत नाही.