दिनविशेष : १० सप्टेंबर

१९३६ : लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर स्पीडवे मोटारसायकल शर्यतींचे पहिले जागतिक विजेतेपद ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्राग यांनी पटकावले. प्रेक्षक होते ७४ हजार. त्या रात्री आपल्या पाचही शर्यती जिंकल्या त्या खरे तर ब्लूई विल्किन्सन यांनी. पण आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुण धरल्यावर ते तिसरे! असला हिशेब आज कुणी खपवून घेतला नसता. बरोबरीत आलेल्या इंग्लंडच्या एरिक लँगटन यांना व्हॅन प्राग यांनी निर्णायक शर्यतीत अगदी शेवटी मागे टाकले. विजेतेपदासाठी विल्किन्सन यांचा नंबर १९३८ मध्ये लागला. स्पीडवेच्या गाडीला ब्रेक नसतो आणि ती धावते मिथेनॉलवर. रायगड जिल्ह्यातल्या रसायनीकरांना हे रसायन नवे नाही. तिथल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या (एचओसी) कारखान्यात फॉर्माल्डिहाइड त्यापासूनच बनत असे.