विषशास्त्र व रोगपरिस्थितिविज्ञान : पदव्युत्तर अध्ययन

एखादे द्रव्य सजीवाच्या शरीरात कोणत्या मार्गाने शिरते, किती मात्रेने कोणता अपाय करते आणि तो अपाय कसा ओळखावा व निवारावा, याचा शोध घेणारे शास्त्र ते विषशास्त्र; आणि रोग लोकसमूहात कोणास, कोठे, केव्हा व किती प्रमाणात होतो हे मोजून त्यावरून त्याच्या कारणाचा माग काढणारे ते रोगपरिस्थितिविज्ञान. या दुसऱ्या शास्त्रास व्यवहारात साथरोगशास्त्र म्हणण्याची वहिवाट आहे. परंतु तंबाखूने होणारा कर्करोग किंवा दगडाच्या धुळीने जडणारा फुप्फुसविकार यांस साथ म्हणता येत नाही, आणि तेही याच शास्त्राचे विषय आहेत, म्हणून येथे अधिक व्यापक संज्ञा योजिली आहे. वैद्यक, पशुवैद्यक, औषधनिर्माणशास्त्र किंवा रसायनशास्त्र यांतील पदवी संपादन केल्यावर विद्यार्थी या दोहोंपैकी एका शास्त्राकडे वळतो. दोहोंत सारखीच गती देणारे अभ्यासक्रम मात्र थोडे आहेत, आणि हेच या विद्याशाखेचे सर्वांत मोठे वैगुण्य होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, अगदतंत्र, हे विषांना वाहिलेले होते आणि सुश्रुतसंहितेचे कल्पस्थान त्याच विषयाचे आहे. तथापि भारतातील आधुनिक विषशास्त्र वाढले ते न्यायकचेरीच्या आश्रयाने. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर याने पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, जिवाला बरे वाटेना म्हणून उरलेले फेकून दिले, आणि पेल्याच्या तळाशी राहिलेला गढूळ साका पाहून तो रेसिडेन्सीच्या डॉक्टरकडे तपासणीस दिला. तेथून तो मुंबईस सरकारी रासायनिक विश्लेषकाकडे गेला व त्यात सोमल असल्याचा निर्वाळा मिळाला. पेल्यात काय होते एवढे रसायनशास्त्राने सांगितले; ते कोणी घातले यावर चौकशी-मंडळाच्या सहा सभासदांत तीन विरुद्ध तीन असा मतभेद झाला, आणि तरीही ज्यांच्यावर आरोप होता ते बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड १८७५ साली पदच्युत झाले. १८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट वैद्यक महाविद्यालयातील अध्यापन आणि हे विश्लेषकाचे पद यांचा संबंध निकटचा असे. त्या परंपरेचा वारसा असा, की आजही आपल्याकडे वैद्यकाच्या पदवीधरास विषशास्त्र भेटते ते बहुधा ‘न्यायवैद्यक व विषशास्त्र’ या जोडनावाखाली, म्हणजे शवविच्छेदन, पंचनामा आणि राखून ठेवलेला व्हिसेरा यांच्या संगतीत. पशुवैद्यक व औषधनिर्माण या शाखांत ते प्राण्यांवरील प्रयोगांतून शिकविले जाते. विषाच्या सहवासात रोज वावरणारा, अद्याप जिवंत असलेला माणूस या दोहोंच्या मधल्या फटीत राहून जातो.

दुसऱ्या शास्त्राचा आपल्याकडील इतिहास प्लेगपासून सांगता येतो. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, वाल्देमार हाफकिन यांनी लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची प्रयोगशाळा आली. तिलाच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात. पुढे १९३२ साली कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था निघाली व रोगपरिस्थितिविज्ञानाचे रीतसर पदव्युत्तर शिक्षण देशात सुरू झाले. अमेरिकेत बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने असे स्वतंत्र विद्यालय १९१६ सालीच काढले होते.

पदव्युत्तर विषशास्त्राचा पाया मात्रा हा आहे. विष आणि औषध यांतील भेद द्रव्यात नसून मात्रेत असतो, हा सोळाव्या शतकातील पॅरासेल्ससचा विचार विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात शिकतो, परंतु त्याचा अर्थ त्यास कळतो तो मात्रा व परिणाम यांचा आलेख स्वतःच्या हाताने काढल्यावर. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा मोजण्याची पद्धत ट्रेव्हन याने १९२७ साली मांडली. अन्नातील द्रव्याची निर्धोक मात्रा ठरविताना प्राण्यांस अपाय न करणाऱ्या मात्रेस शंभराने भागण्याचा प्रघात आहे : दहापट सावधगिरी प्राण्याहून माणूस निराळा म्हणून, आणि दहापट माणसाहून माणूस निराळा म्हणून. रोगपरिस्थितिविज्ञानाचा पाया याउलट अपूर्णांक हा आहे, आणि त्यातही छेद. रुग्णालयाच्या दप्तरात अंश आयता मिळतो. पण तेवढे रुग्ण किती लोकांतून आले, हे सांगणारा छेद खानेसुमारीतून, गावाच्या यादीतून, पुष्कळदा दारोदार हिंडूनच मिळवावा लागतो. या कर्करोगाचे रुग्ण व अन्य रोगांचे रुग्ण यांच्या पूर्वेतिहासाची तुलना करून डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला, आणि केवळ साहचर्यावरून कार्यकारणभावाचे अनुमान केव्हा काढावे याविषयी हिल यांनी १९६५ साली नऊ विचारणीय मुद्दे मांडले. त्यांपैकी दोन, मात्रेनुसार वाढणारा परिणाम आणि जीवशास्त्रीय संभाव्यता, हे विषशास्त्राच्या मदतीवाचून पुरते तपासता येत नाहीत.

दोन्ही शास्त्रे एकमेकांवाचून कशी अडतात हे कलायखंज या व्याधीच्या इतिहासात स्पष्ट दिसते. लाख किंवा लाखोळी या कडधान्याच्या अतिसेवनाने कमरेखालचे स्नायू ताठरून येणारे हे पंगुत्व भावप्रकाशकारांस ठाऊक होते. सागर प्रांतातील गव्हाचे पीक १८२९ पासून तीन वर्षे गारपीट, अवर्षण व तांबेरा यांनी बुडाले, शेतात तगले ते हेच कडधान्य, आणि ते खाऊन राहिलेल्या गावांतील तरुण माणसे १८३३ पासून एकाएकी लुळी पडू लागली, असे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नोंदविले आहे. काळ, स्थळ, वय व आहार ही सारी अंगे त्या टिपणात आहेत. नव्हते ते विषाचे नाव. ते मिळण्यास सुमारे सव्वाशे वर्षे लागली. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा यांनी या डाळीतून मज्जातंतूंस घातक असे अमिनो आम्ल वेगळे काढले, आणि त्याच वर्षी द्विवेदी व प्रसाद यांची रीवा जिल्ह्यातील पाहणी प्रसिद्ध झाली. तेथील वेठबिगार शेतमजुरांस मजुरी म्हणून हीच डाळ मिळे. रोगाच्या पायऱ्या त्यांच्या काठ्यांवरून पडल्या आहेत : काठीवाचून चालणारा, एका काठीने चालणारा, दोन काठ्यांनी चालणारा, आणि अखेरीस हातांवर सरपटणारा. प्रयोगशाळेत मात्र हे विष एका दिवसाच्या कोंबडीच्या पिलास टोचले तर आकडी येते, आणि प्रौढ उंदरावर सहजी परिणाम दिसत नाही. तेव्हा दोन ते सहा महिने, आहाराचा तिसरा हिस्सा वा अधिक, ही माणसाची मात्रा रीवासारख्या मुलखांतील लोकांच्या ताटांवरूनच ठरली. गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी ओतून दिल्यास बरेचसे विष निघून जाते, हे ज्ञान प्रयोगशाळेचे. दुष्काळात ओतून देण्याइतके पाणी आणि ते तापविण्याइतके सरपण त्या घरांत असते काय, हा प्रश्न गावात गेलेल्या माणसाचा.

भारतात या विषयांच्या संशोधनास वाहिलेल्या संस्थांपैकी लखनौचे औद्योगिक विषविज्ञान केंद्र १९६५ साली, अहमदाबादची व्यावसायिक आरोग्य संस्था १९६६ साली आणि चेन्नईची राष्ट्रीय रोगपरिस्थितिविज्ञान संस्था १९९९ साली सुरू झाली. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट वायू सुटल्यानंतर, कोणाच्या छातीत किती वायू गेला हे न मोजता आलेल्या हजारो माणसांचा दीर्घकाळ मागोवा घेणे किती बिकट असते, याचा अनुभव या क्षेत्रातील अभ्यासकांनी घेतला.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना पदव्युत्तर विद्यार्थ्याने मुळापासून अभ्यासावी अशी आहे. येथे प्रश्नावलीतील शब्दापासूनच अडचण सुरू होते. विदर्भातच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रात शेतकरी कीटकनाशकास ‘औषध’ म्हणतो. ‘तुम्ही विष हाताळता काय?’ असे विचारल्यास तो प्रांजळपणे नाही म्हणेल. ‘औषध कोणते मारले?’ असे विचारले तर तो ओसरीच्या कोनाड्यातील बाटली काढून दाखवितो. मात्रा तो मिलिलिटरमध्ये सांगत नाही. एका पंपाला किती झाकणे टाकली आणि दिवसातून किती पंप मारले, हे सांगतो. म्हणून पाहणी करणाऱ्याने त्याच बाटलीचे झाकण मागून घ्यावे, ते पाण्याने भरून मोजपात्रात ओतावे, दोन औषधे एकत्र केली होती काय हे विचारावे, कपाशी कमरेएवढी होती की तोंडाएवढी आणि वारा कोणीकडून होता हेही लिहून घ्यावे. काही कीटकनाशकांनी घटणाऱ्या, रक्तातील कोलिनेस्टरेज या वितंचकाच्या तपासणीसाठी नमुना त्याच दिवशी घेऊन बर्फात ठेवावा, आणि फवारणी सुरू होण्यापूर्वी, पेरणीच्या सुमारास, त्याच माणसाचा एक नमुना घेऊन ठेविलेला असावा. कारण निरोगी माणसांतही या वितंचकाचे प्रमाण कमीअधिक असते आणि ज्याची त्याच्याशीच तुलना केल्यावाचून घट निश्चित सांगता येत नाही.