प्रबंधानंतरची तजवीज

१८५७ साली मुंबईस विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्यापुढे नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा, म्हणजे शिकवण्याचे काम महाविद्यालयांवर सोपवून स्वतः परीक्षा घेणाऱ्या व पदव्या देणाऱ्या संस्थेचा. एखाद्या विषयात स्वतंत्र संशोधन करावे, ते प्रबंधरूपाने मांडावे, जाणत्या परीक्षकांच्या कसोटीस उतरवावे आणि मग डॉक्टर ही उपाधी धारण करावी, हा रिवाज मूळचा जर्मन विद्यापीठांचा. तेथून तो अमेरिकेत गेला, येल विद्यापीठाने १८६१ साली तशी पहिली पदवी दिली, आणि इंग्लंडातील ऑक्सफर्डने तर पीएच. डी.च्या धर्तीची पदवी १९१७ पर्यंत आपल्या दप्तरी घेतलीच नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना गटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली डॉक्टरेट अर्पण केली ती त्यांच्या विद्वत्तेच्या गौरवार्थ होती. विद्यार्थी होऊन, प्रबंध लिहून ती पदवी मिळवू इच्छिणाऱ्या मराठी तरुणास विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत समुद्र ओलांडण्यावाचून सहसा गत्यंतर नव्हते, आणि समुद्र ओलांडणे म्हणजे कोणाची तरी शिष्यवृत्ती, कोणाशी तरी करारनामा, कोणाचे तरी ऋण पत्करणे होते.

या पिढीची चरित्रे लिहिताना आपण पदव्यांची नामावळी देतो आणि पुढल्या प्रकरणास लागतो. परंतु प्रबंध हातावेगळा होणे, तो मान्य होणे, पदवी प्रत्यक्ष पदरी पडणे आणि आयुष्याची घडी बसणे या गोष्टी त्या काळी क्वचितच एकामागून एक क्रमाने घडत. त्यांच्या मध्ये जो काळ जाई त्यात आखलेले बेत बहुधा मोडत. मात्र प्रबंधात विचारलेला प्रश्न मोडत नसे, आणि पुढील आयुष्याला दिशा लागे ती त्या प्रश्नामुळेच, असे मला या मंडळींची वाटचाल न्याहाळताना वारंवार जाणवत आले आहे.

श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी हिंदुस्थानातील जातिसंस्थेचा विषय अभ्यासास घेतला. मनुस्मृतीच्या पुराव्यावरून तत्कालीन समाजस्थिती उलगडणारा त्यांचा ग्रंथ १९०९ मध्येच छापून निघाला आणि १९११ साली ते डॉक्टर झाले. लंडनमार्गे स्वदेशी परतल्यावर कलकत्ता विद्यापीठातील अध्यापनात काही काळ काढून पुढे त्यांनी जे कार्य शिरावर घेतले त्याची कल्पना कॉर्नेलमधील त्यांच्या कोणाही गुरूला शिवली नसेल. मराठी भाषेत ज्ञानकोश काढण्यासाठी संयुक्त भांडवलाची कंपनी उभारून, तिचे भाग गावोगाव हिंडून विकत, आधी नागपुरास व मग पुण्यास कचेरी थाटून त्यांनी १९२० नंतरच्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. कोशाच्या आरंभीचे खंड प्रस्तावनेचे आहेत, आणि जगाच्या इतिहासात हिंदू समाजाचे स्थान कोणते हा त्यांतील विचार कॉर्नेलमधल्या प्रबंधाचीच वाढ आहे. विद्यापीठात स्थिर आसन मिळाले असते तर हे खंड कदाचित झाले नसते. म्हणून ते आसन मिळाले नाही याचा खेद करावा की नाही, याचा निर्णय माझ्याने होत नाही.

केतकरांनी केलेली जातीची व्याख्या पुढे मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एका मराठी विद्यार्थ्याने चर्चेस घेतली. मानवशास्त्रज्ञ डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचलेल्या त्या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले या युरोपीय पंडितांच्या पंक्तीस केतकरांना बसवून भीमराव आंबेडकरांनी त्यांच्या मताची आदरपूर्वक चिकित्सा केली आहे. एका मराठी माणसाच्या प्रबंधावर दुसऱ्याने परमुलखात असा विचार करावा, ही घटना मला कोणत्याही पदवीदान समारंभाहून मोठी वाटते.

आंबेडकरांची हकिगत मात्र सविस्तर सांगावयास हवी. सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हाच प्रबंधानंतरच्या आयुष्याची तजवीज कागदावर झालेली होती: शिक्षण पुरे होताच बडोदे संस्थानात दहा वर्षे चाकरी करावयाची, असा करार होता. १९१६ मध्ये कोलंबियाचे लेखन आटोपून ते लंडनला गेले, तेथील अर्थशास्त्राच्या विद्यालयात व ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि अभ्यास अर्धा टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांना मुंबईस परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन काम पुरे करण्याची सवलत दिली, एवढाच काय तो आधार. महायुद्ध चालू होते. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हौसेने जमवलेले त्यांचे ग्रंथ ज्या बोटीने येत होते ती शत्रूच्या पाणबुडीने बुडविली.

मग करारानुसार बडोदे. हुद्दा दरबारचा, लष्करी चिटणिशीचा. पण महार म्हणून राहावयास जागा कोणी देईना, कचेरीतील शिपाई दप्तरे हाती न देता दुरून टाकीत. पारशी मंडळींच्या एका पथिकाश्रमात त्यांनी पारशी नाव सांगून दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघण्याच्या बेतात असताना काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचा हुकूम त्यांना मिळाला. दोन परिचितांकडे आसरा मागून पाहिला, दोघांनीही निमित्ते सांगितली. तेव्हा सार्वजनिक बागेत बसून राहून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस निघाले. दहा वर्षांचा करार असा अकरा दिवसांत आटोपला. हे सारे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना ज्या माणसाने नुकताच हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडला होता त्याला एका रात्रीचा निवारा मिळू नये, या गोष्टीने आजही मन सुन्न होते.

त्यानंतरची तीन वर्षे लंडनला परतण्याच्या बेगमीची. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर अर्थशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहून, घरखर्च आवरून, त्यांनी शिल्लक टाकण्यास आरंभ केला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी साहाय्य दिले, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. मधल्या काळात ते स्वस्थ बसले होते असे मात्र नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक निघाले, मार्चमध्ये माणगावची अस्पृश्यांची परिषद झाली, आणि जुलैत ते पुन्हा लंडनच्या वाटेला लागले.

तेथला दिनक्रम धनंजय कीरांनी लिहिलेल्या आंबेडकरांच्या चरित्रात आला आहे. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे दार उघडण्याच्या सुमारास हजर व्हावयाचे, बंद होईतो आसन सोडावयाचे नाही, दुपारच्या जेवणाला फाटा द्यावयाचा, आणि रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की एका परिचिताने दिलेल्या पापडांतले चार पापड भाजून घेऊन पुन्हा वाचावयास बसावयाचे. जून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली, जून १९२२ मध्ये बॅरिस्टरी, आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी. एस्सी. साठी दाखल झाला.

या प्रबंधाचा विषय आज रुक्ष वाटेल, पण त्यातील कळकळ रुक्ष नाही. १८९३ साली सरकारने टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्यापासून रुपयाची किंमत सरकारच्या हाती आली, आणि पुढे सुवर्ण-विनिमय पद्धती रूढ झाली. केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये तिची तरफदारी केली होती. आंबेडकरांचे म्हणणे असे की या पद्धतीत चलन वाढविण्यावर पक्का निर्बंध उरत नाही, चलन वाढले की रुपयाची खरेदी करण्याची शक्ती घटते, आणि तिचा भार ज्याच्यापाशी मजुरीशिवाय काही नाही त्याच्यावर पडतो. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध सुधारून लिहिण्यास सांगितले. त्या वेळी ते अधिक अध्ययनासाठी जर्मनीत बॉनला गेले होते; गाठीचे पैसे संपले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, निष्कर्षांना धक्का न लावता मांडणी फिरवून ऑगस्टमध्ये त्यांनी हस्तलिखित पाठविले, आणि नोव्हेंबरात ते मान्य झाले. पी. एस. किंग कंपनीने ते त्याच वर्षाअखेर ग्रंथरूपाने काढले. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपण लेखकाच्या युक्तिवादाशी बऱ्याच ठिकाणी सहमत नाही असे स्पष्ट लिहिले आणि तरीही ग्रंथातील ताजेपणाची वाखाणणी केली. शिष्याचे मत आपल्या मतासारखे करून न घेता त्याला छापखान्यापर्यंत पोहोचविणारा असा गुरू लाभणे ही मोठीच प्राप्ती होय.

पदवी मान्य झाली तेव्हा आंबेडकर मुंबईच्या हायकोर्टात नवखे वकील होते. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार सहजी येत नसत. संसाराला हातभार म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षणाच्या संस्थेत व्यापारी कायद्यावर व्याख्याने देण्याचे काम त्यांनी पत्करले. दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी सुरू झाली. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांची साक्ष झाली, तेव्हा लंडनचा तो प्रबंधच जणू बोलत होता. पुढे या आयोगाच्या शिफारशींतून उभ्या राहिलेल्या रिझर्व्ह बँकेचे सारे श्रेय त्या एका ग्रंथाला देण्याचा अलीकडे जो मोह होतो तो मला पटत नाही. आयोगाने त्यांच्या सूचना जशाच्या तशा घेतल्या नाहीत, आणि बँकेमागे इतर अनेक कारणे होती. ग्रंथाचे मोल त्याने कमी होत नाही.

कोलंबियाची पदवी तर अजून यावयाचीच होती. तेथला नियम असा की प्रबंधाच्या छापील प्रती विद्यापीठात दाखल झाल्याखेरीज पदवी द्यावयाची नाही. ज्याच्यापाशी छपाईला पैसे नाहीत त्याची पदवी तितकी वर्षे लांबे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या वाढीवरील त्यांचा ग्रंथ प्रा. सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह १९२५ साली निघाला, आणि पीएच. डी. प्रदान झाली ८ जून १९२७ रोजी. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारोंच्या समवेत प्राशन करून ते परतले होते, एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले होते. न्यूयॉर्क सोडल्याला अकरा वर्षे लोटली होती. कोलंबियाच्या त्या ग्रंथाची अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांच्या नावे आहे, आणि रुपयावरील ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस वाहिलेला आहे. बडोद्यात जे भोगले त्याची झळ त्यांनी महाराजांप्रतीच्या कृतज्ञतेस लागू दिली नाही.

आंबेडकर लंडनला प्रबंध लिहीत होते त्याच सुमारास मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स यांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होते. जून १९२२ मध्ये रिव्हर्स अकस्मात निवर्तले, तेव्हा हॅडन यांच्या देखरेखीखाली त्यांनी तो पुरा केला. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि पुढे पस्तीस वर्षे ती त्यांच्याकडेच राहिली. या विभागाचे महत्त्व असे की इरावती कर्वे यांच्यासारखी विद्यार्थिनी त्यात घडली. चित्पावनांवर एम. ए. चा निबंध लिहून १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांना त्यांचे जाणे मान्य नव्हते. प्रवासखर्चासाठी जीवराज मेहतांनी कर्ज दिले.

बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे एक प्रमुख पुरस्कर्ते. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमता वंशानुसार बदलते, असा त्यांचा तर्क होता. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या मानल्या गेलेल्या कवट्या एकेक करून मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही असे प्रबंधात नमूद केले. पंचविशीही न गाठलेल्या परदेशी विद्यार्थिनीने ज्याच्या हाती आपली पदवी आहे त्याच्याच मताविरुद्ध हा निष्कर्ष लिहून द्यावा, याला काय धैर्य लागले असेल! १९३० मध्ये पदवी मिळाली.

पण परतल्यावर मानवशास्त्राची जागा पुण्या-मुंबईत कोठे होती? ज्यांनी विरोध केला होता त्या सासऱ्यांनीच स्थापिलेल्या महिला विद्यापीठात त्या कुलसचिव झाल्या, आणि १९३१ ते १९३६ अशी पाच वर्षे अर्ज, परीक्षा व पत्रव्यवहार यांत गेली. १९३४ साली बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ च्या ऑगस्टमध्ये पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा कोठे बर्लिनच्या पदवीस साजेसे काम त्यांना मिळाले. मोजपट्टी व कंपास घेऊन त्या खेडोपाडी हिंडल्या, पुरातत्त्वज्ञ सांकळियांसमवेत गुजरातेत लांघणज येथील उत्खननात उतरल्या, आणि १९५३ साली हिंदुस्थानातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा ग्रंथ आला. त्या सुमारास मुंबईत घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली आणि पुण्यात डेक्कन कॉलेजात मुले-मुली प्रबंध लिहू लागली होती. त्यांना त्यासाठी कोणा संस्थानाशी दहा वर्षांचा करार करावा लागत नव्हता.